सीव्हीटी गाडी घाटात: चढाला पॅडल सोडा, उताराला पॅडल धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ची सेकंडहँड होंडा सिटी, पेट्रोल, सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी गुणोत्तर सलग बदलणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), स्टिअरिंगमागे सात पायऱ्यांचे पॅडल, म्हणजे बोटांनी पायरी वर-खाली करायच्या कळा. पुणे ते कोकण नेहमीची ये-जा. माणगावकडून ताम्हिणी चढताना ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चार हजारांवर जातो, इंजिन ओरडत राहतं आणि गाडी मात्र सावकाश वेग घेते. गाडी विकणाऱ्याने सांगितलं, "घाटात मॅन्युअल मोड लावा." मित्र म्हणतो, "पॅडल मारून बेल्ट झिजवशील." आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हे सात गिअर खरे की खोटे.

या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. इंजिन किती आरपीएमवर फिरावं हे कोणी ठरवायचं, तुम्ही की गाडीच्या कॉम्प्युटरने? चढावर ते काम कॉम्प्युटर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतो. उतारावर नाही, कारण पुढे किती उतार आहे, वळण कसं आहे, खाली ट्रक रखडलाय का, हे त्याला दिसत नाही. म्हणजे विकणाऱ्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि मित्राची भीती बहुतेक निराधार.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत. कुठे डी (ड्राइव्ह) आणि एस (स्पोर्ट) असतं, कुठे डी आणि एल (लो), कुठे फक्त लिव्हरवर अधिक-उणे. पायऱ्याही कुठे सहा, कुठे सात, कुठे आठ. आणि हायब्रिड गाड्या यातून वगळा. ग्रँड व्हिटारा, हायरायडर किंवा हायक्रॉसच्या हायब्रिडवर ई-सीव्हीटी लिहिलेलं असलं तरी आत पट्टा (बेल्ट) नसतो, दातेरी चाकं आणि मोटारी असतात. तिथे उताराला लिव्हरवरचं बी (ब्रेकिंग) लावायचं. सिटीच्या हायब्रिडमध्येही पॅडल आहेत, पण ते गिअरचे नाहीत. पाय उचलल्यावर मोटारीने गाडी किती जोरात धरून ठेवायची, ते त्यांनी ठरतं. पुढचं सगळं पट्ट्याच्या सीव्हीटीबद्दल.

आत काय होतं ते आधी पाहू, म्हणजे आवाजाचं कोडं सुटेल. दोन पुल्या असतात, एक इंजिनाकडची, एक चाकांकडची. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन तिरक्या तबकड्या. तेलाच्या दाबाने त्या जवळ येतात किंवा लांब जातात, त्यामुळे पट्टा कधी मोठ्या घेरावर फिरतो, कधी लहान. इंजिन आणि चाकं यांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर बदलतं ते असं, मध्ये कुठेही खटका न पडता. पट्टा पोलादी असतो: सुमारे चारशे पातळ पोलादी तुकडे, दोन बाजूंच्या पोलादी कड्यांत ओवलेले. कायनेटिक होंडापासून ॲक्टिव्हापर्यंतच्या स्कूटर याच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच की तिथे पट्टा रबरी आणि गुणोत्तर ठरवणारे फिरते रोलर, इथे पट्टा पोलादी आणि ठरवणारा कॉम्प्युटर. ॲक्टिव्हा चढावर एका सुरात ओरडते तेव्हा कोणी तक्रार करत नाही. कारमध्ये मात्र वेगाबरोबर आवाज चढत जावा अशी कानांना सवय झालेली असते.

आता हिशेब. चार माणसं आणि सामान धरून गाडी दीड टन समजा. सात टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सात मीटर वर, आणि वेग ताशी ६० किलोमीटर. नुसतं वर चढायला १७ किलोवॅट लागतात. टायरचा आणि हवेचा अडथळा, गिअरबॉक्समधला तोटा धरला की इंजिनाकडून २५-२६ किलोवॅट हवेत. दीड लिटरचं हे बिनटर्बो इंजिन दोन हजार आरपीएमवर ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही साधारण तेवढीच शक्ती देतं. म्हणजे दोन हजारांवर गाडी जेमतेम वेग टिकवेल, वाढवायला काही उरणार नाही. चार हजारांवर तेच इंजिन पन्नास किलोवॅटच्या पुढे जातं. तुम्ही पाय दाबून "आणखी वेग हवा" म्हणता, तेव्हा कॉम्प्युटर आधी इंजिनाला शक्तीच्या जागी नेतो आणि मग गुणोत्तर हळूहळू बदलत वेग वाढवतो. आवाज आधी, वेग मागून. हा दोष नाही. पाच गिअरच्या गाडीत तुम्हीच तिसरा टाकून तीन-साडेतीन हजारांवर खेचली असती.

इंजिन एका जागी टिकवून वेग वाढवणं हीच खरं तर सगळ्यात जलद पद्धत. १९९३ साली विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली होती. पुढच्या हंगामाच्या नियमांनी सीव्हीटीला बंदीच घातली, त्यामुळे ती शर्यतीत कधी उतरली नाही.

म्हणून चढाला पॅडल नको. पायरी धरून ठेवली की गुणोत्तर गोठतं, आणि वळणावर वेग पडला की आरपीएमही पडतो. मग तुम्ही खालची पायरी मागता, पुढे सरळ रस्ता आला की वरची, आणि एवढी खटपट करून वेग मिळतो तो एसपेक्षा थोडा कमीच. यू वळणं एकामागून एक असतील, आंबोली किंवा आंबेनळीसारखी, तर डीऐवजी एस लावा. एसमध्ये आरपीएम वळणातही फार खाली येऊ दिला जात नाही, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ओढ लगेच मिळते. इंजिन गुरगुरत राहील आणि पेट्रोल थोडं जास्त जाईल. रस्ता मोकळा झाला की परत डी.

पायाची पद्धत मात्र बदलायला हवी. मॅन्युअल गाडीच्या सवयीने लोक ॲक्सिलरेटर दाबतात, गाडी पळाली नाही म्हणून आणखी दाबतात, मग आवाजाला घाबरून सोडतात. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर नवं गुणोत्तर शोधायला लागतो आणि गाडी रबरासारखी ताणल्यासारखी वाटते. त्यापेक्षा ॲक्सिलरेटर तिसरा हिस्सा ते निम्मा दाबा आणि तिथेच धरा. सेकंदभर थांबा. वेग हवा तिथे आला की पाय केसभर उचला, आरपीएम हजार-बाराशेने खाली येईल आणि वेग तसाच राहील. हे "केसभर उचलणं" जमलं की अर्धा आवाज गेला.

ओव्हरटेकला एक अपवाद करा. समोर एसटी किंवा ट्रक आहे, रस्ता स्वच्छ दिसतोय, तर बाहेर पडण्याच्या आधी डावं पॅडल (खालच्या पायरीचं) एकदा-दोनदा खेचा. पुल्या आधीच खालच्या गुणोत्तराला जातात, आरपीएम तीन हजारांच्या आसपास येतो, आणि तुम्ही दाबता तेव्हा वाट पाहावी लागत नाही. तुमच्या गाडीत डीमध्ये असताना खेचलेलं पॅडल तात्पुरतं असतं. गाडी एका वेगाला स्थिरावली की ती आपोआप साध्या डीवर परत येते. ओव्हरटेकला ही सोय बरी, उताराला मात्र हीच गैरसोय. त्याकडे येतोच.

गिअर खरे की खोटे? आत सात दातेरी जोड्या नाहीत. कॉम्प्युटरने सात गुणोत्तरं ठरवून ठेवलेली आहेत, आणि पॅडल खेचलं की पुल्या त्या जागी जाऊन थांबतात. पण थांबतात तेव्हा इंजिन आणि चाकं त्या गुणोत्तरात खरोखर बांधली जातात, म्हणून इंजिनाचा धरही (पाय उचलल्यावर इंजिन गाडीला मागे धरतं तो) खराच मिळतो. ठोका मात्र बनावट, ग्राहकाला गिअर पडल्यासारखं वाटावं म्हणून. काही नव्या मॉडेलांत डीमध्येही ॲक्सिलरेटर तळाला नेला की आरपीएम पायरीपायरीने चढतो-उतरतो, तोही त्याच कारणासाठी. अपवाद सांगायचा तर टोयोटाने २०१८मध्ये आणलेल्या डायरेक्ट शिफ्ट सीव्हीटीत निघण्यासाठी एक खराखुरा दातेरी पहिला गिअर असतो, मग काम पट्ट्याकडे जातं.

पट्टा झिजण्याबद्दल. पट्टा डीमध्येही दर क्षणी घेर बदलतच असतो. पॅडलने तेच थोडं पटकन होतं. इंजिन मर्यादेबाहेर फिरेल अशी पायरी मागितली तर गाडी ती देत नाही, डॅशबोर्डवर आकडा लुकलुकतो आणि मूळ पायरी राहते. पट्टा मरतो तो घसरण्याने आणि धक्क्याने. चिखलात किंवा ओल्या दगडांवर चाक फिरवत राहणं आणि त्याला अचानक पकड मिळणं, गाडी मागे घरंगळत असताना डी टाकणं, पुरती न थांबता आर (रिव्हर्स) टाकणं, आणि चुकीचं तेल. पॅडल या यादीत नाही.

आता उतार. घाटातले खरे धोके इथेच आहेत.

डीमध्ये पाय उचलला की कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही सावकाश जाताय. तो पेट्रोल वाचवायला आरपीएम शक्य तितका खाली नेतो. सपाटीवर ते छान, उतारावर मात्र गाडी मोकाट सुटल्यासारखी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काही गाड्या उतार ओळखून, ब्रेक दाबल्यावर थोडा आरपीएम वाढवतात, पण त्यावर विसंबू नका. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे १३०० मीटर खाली येते. सहा टक्के उतारावर दीड टनाची गाडी ताशी ३०ने धरून ठेवायची, तर टायरचा अडथळा वजा जाऊन सहा किलोवॅटच्या आसपास उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. दोन किलोवॅटचे तीन गीझर सतत चालू, तेही चाकांमध्ये. ब्रेक पॅड भाजतात, वास येतो, आणि पाय दाबूनही गाडी नेहमीसारखी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुनं आणि पाणी मुरलेलं असेल तर ते उकळतं, मग ब्रेकचं पेडल मऊ पडून थेट खाली जातं.

पाय उचललेलं दीड लिटरचं इंजिन तीन हजार आरपीएमवर यातला बराच मोठा वाटा खातं. दीड हजारांवर त्याच्या निम्माही नाही. म्हणून उतारावर लक्ष आरपीएमच्या काट्यावर ठेवा, पायरीच्या आकड्यावर नको. साधा उतार असेल तर अडीच ते साडेतीन हजार, फार तीव्र असेल तर चार हजार. यात इंजिनाचं काही बिघडत नाही. पाय पूर्ण उचललेला असताना पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद असतात, म्हणजे साडेतीन हजारांवर ओरडत उतरतानाही पेट्रोल शून्य. उलट न्यूट्रलमध्ये टाकून उतरणारा इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जाळतो, ब्रेक भाजतो, आणि खाली परत डी टाकताना क्लच आणि पट्ट्याला धक्का देतो. न्यूट्रल कधीच नाही.

करायचं असं. उतार सुरू होण्याआधी, सरळ रस्त्यावर, ब्रेकने वेग आधी कमी करा. लिव्हर डीवरून एसवर आणा, त्यासाठी थांबावं लागत नाही. मग डावं पॅडल एकदा खेचा. आता डॅशबोर्डवर एम आणि आकडा दिसेल, आणि ही पायरी आपोआप सुटणार नाही. एस आधी लावायचा तो यासाठीच. डीमध्ये खेचलेली तात्पुरती पायरी ऐन उतारात सुटते, गाडी एकदम हलकी होते आणि चालवणारा गोंधळतो. एक पायरी खेचल्यावर काटा स्थिर होऊ द्या, मग दुसरी. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्हींवरून पाय उचलून पाहा: सरळ उतारावर वेग साधारण तसाच राहिला तर पायरी बरोबर. वाढतच गेला तर आणखी एक खाली. गाडी फारच अडखळायला लागली तर एक वर. यू वळणांच्या टप्प्यात बहुतेक वेळा पहिली-दुसरी लागते, मोकळ्या उतारावर तिसरी-चौथी. पण हा अंदाज आहे, भाराप्रमाणे बदलेल.

ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा, असा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आहे. सीव्हीटीत चढताना गिअर कळत नाही, पण आरपीएम कळतो. चढताना अमुक वेगाला काटा कुठे होता ते लक्षात ठेवा आणि उतरताना तिथेच आणा. नियम तसाच लागू पडतो.

ब्रेक सोडून द्यायचा नाही. वळणाआधी एकदा ठामपणे दाबा, वेग पाडा, सोडा. पाय सतत टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट, पॅडला थंड व्हायला वेळच मिळत नाही. वेग फार कमी झाला, ताशी १५-२०च्या खाली, की टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) पक्की पकड सुटते आणि इंजिनाचा धर कमी होतो. तिथे पहिली पायरी असूनही गाडी पुढे सरकेल, तेव्हा ब्रेक लागणारच.

वास आलाच तर रुंद जागा पाहून थांबा आणि पंधरा-वीस मिनिटं चाकं थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. थांबताना आधी ब्रेक, मग हँडब्रेक, मग ब्रेक किंचित सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, आणि शेवटी पी (पार्क). उलट केलं तर गाडीचा सगळा भार पीच्या लहानशा अडकवणीवर येतो आणि निघताना लिव्हर 'खट्' करून सुटतो. तीव्र उतार असेल तर चाकाखाली दगड लावा, निघताना तो रस्त्यावरून बाजूला टाका. घाटात पडलेले निम्मे दगड असेच कोणीतरी सोडून गेलेले असतात.

पावसाळ्यात एकच बदल: पॅडल वळणात खेचू नका. ओल्या रस्त्यावर इंजिनाचा धर एकदम पुढच्या चाकांवर येतो आणि ती निसटू शकतात. पायरी वळणाआधी, सरळ रेषेत, एका वेळी एकच.

खंडाळ्याला किंवा कसाऱ्याला चढावर ट्रॅफिक तुंबलं की आणखी एक सवय दिसते. गाडी ॲक्सिलरेटरवर तरंगत ठेवायची, ब्रेक न लावता. मॅन्युअलमध्ये याने क्लच जळतो, इथे कन्व्हर्टरमधलं तेल तापतं. पुढे गाडीभर जागा होईपर्यंत ब्रेकवर थांबा, मग एकदम सरका. गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला किंवा गाडी एकाएकी दुबळी झाली, तर बाजूला घ्या, पी लावा आणि इंजिन चालूच ठेवा. पंप फिरत राहतो, तेल कूलरमधून जात राहतं. बंद केलंत तर उष्णता आतच कोंडते.

आता तुमची गाडी सेकंडहँड आहे म्हणून. ऐकू येणारा आवाज स्वभावाचा की पट्टा घसरतोय त्याचा, हे या सात पायऱ्याच सांगतील. मोकळा, हलका चढ शोधा, तेल पूर्ण तापलेलं असू द्या. एस लावून चौथी पायरी धरा आणि ताशी ५०-६०च्या आसपास ॲक्सिलरेटर सावकाश दाबा. गुणोत्तर आता बांधलेलं आहे, त्यामुळे वेग आणि आरपीएम एकमेकांना धरून वाढायला हवेत. वेग तसाच असताना काटा दोन-तीनशेने उडत असेल तर कुठेतरी घसरतंय, कन्व्हर्टरमध्ये किंवा पट्ट्यावर. स्कॅनर असेल तर दोन्ही पुल्यांचे वेग शेजारी लावून पाहा: पायरी धरलेली असताना त्यांचं गुणोत्तर हलता कामा नये. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना ताशी ३०-५०ला गाडी थरथरत असेल तर बहुतेक वेळा तेल थकलेलं असतं आणि बदलल्यावर फरक पडतो. वेगाबरोबर वाढत जाणारी शीळ मात्र बेअरिंगची, तिला तेल बदलून उपाय नाही.

तेलाबाबत काटकसर नको. पट्टा आणि पुली, पोलाद पोलादावर, आणि मधलं तेल वंगण करत असतानाच त्यांना घट्ट पकडूही देतं. साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) क्लचच्या चकत्यांसाठी बनवलेलं, ते टाकलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, आणि तो ओरखडा परत जात नाही. तुमच्या गाडीला एचसीएफ-२ लागतं. होंडाच्याच गिअरवाल्या ऑटोमॅटिकचं डीडब्ल्यू-१ इथे चालत नाही. निसानला एनएस-३, इतरांचं त्यांच्या मॅन्युअलमध्ये. एका वेळी साडेतीन लिटरच्या आसपास निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं, म्हणून फार काळं निघालं तर दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदला. मशीनने दाब देऊन फ्लश करू देऊ नका. पातळी तेल ठरावीक तापमानाला असतानाच तपासायची असते, थंड गाडीवर नाही. मुदत मॅन्युअलमधल्या कठीण वापराच्या तक्त्याप्रमाणे धरा, घाट आणि शहराचं ट्रॅफिक त्यातच मोडतं. मी ४० हजार किलोमीटर किंवा तीन वर्षं, जे आधी होईल ते, सुचवतो. आधीच्या मालकाकडून तेल बदलल्याचं बिल मिळालं नाही तर बदललेलं नाही असं समजा आणि पुढच्या कोकण फेरीच्या आधी करून घ्या. त्याच वेळी ब्रेक ऑइलही.

आणि कधी बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेऊ देऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पट्ट्याला तेल नाही. गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रक मिळेपर्यंत थांबा, मग ताम्हिणीत दोन तास लागले तरी चालतील.